शास्त्रीजी, भाभा आणि माँ ब्लाँ: योगायोगामागे कट शोधताना

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती, म्हणून या अंकात इतर प्रश्न बाजूला ठेवून त्यांपैकी चार पत्रे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा सारांश दिला आहे.

प्रश्न: लालबहादूर शास्त्री यांचे ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये निधन झाले आणि तेराच दिवसांनी, २४ जानेवारीला, डॉ. होमी भाभा एअर इंडियाच्या विमान अपघातात गेले. ज्या माँ ब्लाँ शिखरावर ते विमान आदळले, त्याच शिखरावर १९५० मध्येही एअर इंडियाचेच विमान आदळले होते. इतके योगायोग एका ठिकाणी यावेत हे बुद्धीला पटत नाही. आग असल्याशिवाय धूर निघत नाही असे आपण म्हणतोच. आपले मत काय? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: आपण लिहिलेल्या तिन्ही घटना खऱ्या आहेत. या विषयावरील पत्रांत ऐकीव माहितीचा भरणा इतका असतो की हे आधी नमूद करणे मला आवश्यक वाटते. वाद आहे तो या घटनांना जोडणाऱ्या धाग्याबद्दल, आणि तो तपासायचा तर घटना आधी सुट्या कराव्या लागतात.

प्रथम डोंगराचे पाहू, कारण सर्वांत चक्रावून टाकणारी बाब तीच आहे आणि तिचेच स्पष्टीकरण सर्वांत सरळ आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरोमार्गे जिनिव्हाला आणि तेथून पुढे लंडनला जाणार होते. ते माँ ब्लाँवर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. १९६६ मधील ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाकडे येत होते आणि त्यात ११७ जण होते. कैरो काय किंवा बैरुत काय, पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूने जिनिव्हाला येणाऱ्या विमानाला आल्प्स ओलांडावाच लागतो; आणि जिनिव्हाच्या आग्नेयेला, साधारण ७० किलोमीटरवर, आल्प्समधील सर्वांत उंच शिखर उभे आहे. विमान उतरण्यासाठी उंची कमी करू लागते ते नेमके याच टप्प्यात. त्या काळच्या उपकरणांच्या भरवशावर आपण नक्की कोठे आहोत याचा अंदाज काही मैलांनी चुकला, तर ती चूक जेथे प्राणघातक ठरेल अशी ही जागा होती. एकाच कंपनीची दोन विमाने एकाच मार्गावर, एकाच अडथळ्यापाशी, पंधरा वर्षांच्या अंतराने बळी पडली. याला मी निव्वळ योगायोगही म्हणणार नाही, कारण दोन्ही अपघातांमागे भूगोल आणि वेळापत्रक हे समान कारण आहे. आपण बहुधा योगायोग किंवा कट अशा दोनच शक्यता डोळ्यांसमोर ठेवतो आणि ही तिसरी, कंटाळवाणी शक्यता विसरतो.

१९६६ च्या अपघाताबद्दल फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष उपलब्ध आहे. विमानातील दिशादर्शनाच्या ग्राहक यंत्रांपैकी एक निकामी होते. आपण माँ ब्लाँ ओलांडले आहे अशा समजुतीने वैमानिकाने खाली येण्याची तयारी केली. रडारवर पाहणाऱ्या जिनिव्हाच्या नियंत्रकाने शिखर अजून पाच मैल पुढे असल्याचे कळवले. वैमानिकाने ते ऐकले, होकार दिला, परंतु त्या वाक्याचा अर्थ त्याने निराळाच घेतला आणि विमान खाली आणले. ज्यांना या अपघातामागे बाँब दिसतो, त्यांनी या संभाषणाचे काय करायचे हे सांगायला हवे. विमान चुकीच्या समजुतीने शिखराकडे उतरत असेल, तर बाँबची गरजच उरत नाही. आणि बाँबने पडले असेल, तर तो नेमका याच गैरसमजाच्या क्षणी फुटला असा आणखी एक योगायोग मान्य करावा लागतो. सीआयएच्या एका अधिकाऱ्याने कट कबूल केल्याची जी गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते, ती त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नावावर छापल्या गेलेल्या संभाषणांवर उभी आहे. तिला दुसऱ्या कोणत्याही कागदाचा आधार मिळालेला नाही.

आता तेरा दिवसांच्या अंतराकडे येऊ. समजा, ज्यांच्या जाण्याने सारा देश हळहळेल अशा व्यक्तींपैकी वर्षाला सरासरी चार जण निधन पावतात. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. हे मृत्यू वर्षभरात कसेही, एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता विखुरले गेले, तरी त्यांपैकी कोणत्या तरी दोघांत तेरा दिवसांपेक्षा कमी अंतर असण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के येते. म्हणजे कोणाचाही हात नसताना दर तीन वर्षांत साधारण एकदा अशी जोडी दिसावी. २३ जणांच्या वर्गात कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते, त्यामागचे गणित हेच आहे: माणसे थोडी असली तरी त्यांच्या जोड्या पुष्कळ होतात. शिवाय शास्त्रीजी आणि भाभा ही जोडी घटना घडून गेल्यावर निवडलेली आहे. त्या महिन्यात आणखी कोणी मोठा शास्त्रज्ञ, सेनानी किंवा मंत्री गेला असता, तर आज आपण त्याचे नाव घेऊन हाच प्रश्न विचारला असता. आपल्या पत्रात नसलेला एक योगायोग मीच आपल्याला पुरवतो: ज्या २४ जानेवारीला हे विमान कोसळले, त्याच दिवशी इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. एकदा शोधायला बसले की असे धागे हवे तितके मिळतात, आणि प्रत्येक नव्या धाग्यासरशी मनातली शंकेची पाल थोडी मोठ्याने चुकचुकते.

मात्र एक गोष्ट या हिशेबाबाहेर ठेवतो. पंतप्रधानांचा परदेशात अचानक मृत्यू होऊनही शवविच्छेदन झाले नाही, आणि पुढे माहितीच्या अधिकारात मागितलेला संबंधित दस्तऐवज परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन नाकारला गेला, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. शास्त्रीजींना आधीपासून हृदयविकार होता, त्यामुळे नैसर्गिक मृत्यूची शक्यता मला बळकट वाटते. तरी जे तपासले गेले नाही त्याबद्दल विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. या प्रश्नांना माँ ब्लाँवरील अपघाताची जोड दिली की ते बळकट होत नाहीत. उलट, सरकारी उत्तर टाळणाऱ्यांना हे सारे एकाच मोटेत बांधून हसण्यावारी नेण्याची सोय होते.

प्रश्न: चांगली शिकलेली माणसेही अशा गोष्टींवर विश्वास का ठेवतात? हा अज्ञानाचा परिणाम आहे, की मेंदूचाच काही दोष आहे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: अज्ञान म्हणून हात झटकता येणार नाहीत, कारण यादृच्छिक घटना प्रत्यक्षात कशा दिसतात याची कल्पना आपल्यापैकी फारच थोड्यांना असते. नेम न धरता घडणाऱ्या गोष्टी सर्वत्र समान पसरतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यांचे पुंजके होतात.

१९४४ च्या जूनपासून लंडनवर जर्मनीची व्ही-१ ही उडती अस्त्रे पडू लागली. काही वस्त्यांवर ती पुनःपुन्हा पडत होती आणि शेजारच्या काही वस्त्या सुखरूप राहत होत्या, तेव्हा जर्मन नेम धरून मारत असावेत असा समज पसरला. आर. डी. क्लार्क या विमा-गणितज्ञाने १९४६ मध्ये या समजाची परीक्षा केली. त्याने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग घेतला, त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले आणि त्यांत पडलेली ५३७ अस्त्रे मोजली. ती निव्वळ दैवगतीने पडली असती तर सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवे होते. प्रत्यक्षात २२९ राहिले. एकेक अस्त्र पडलेले चौकोन अपेक्षेने २११ आणि प्रत्यक्षातही २११ निघाले. दोन अस्त्रांचे ९९ अपेक्षित होते, सापडले ९३. तीनचे ३१ अपेक्षित होते, सापडले ३५. चारचे दोन्हीकडे सात. ज्यांच्या गल्लीत तीन-चार अस्त्रे पडली त्यांना नेम दिसला यात नवल नाही, पण त्या भागाच्या नकाशावर वस्तीवस्तीत भेद करणाऱ्या नेमाचा मागमूस नव्हता.

या कथेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये एक खरा कट शिजत होता, आणि तो ब्रिटिशांचा होता. जर्मनांचे हेर म्हणून वावरणारे पण प्रत्यक्षात ब्रिटनसाठी काम करणारे दुहेरी हेर बर्लिनला मुद्दाम खोटी माहिती पाठवत होते, जेणेकरून अस्त्रे मध्य लंडनच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेकडील वस्त्यांवर पडत राहावीत. एका मंत्र्याने या निर्णयाला विरोधही केला होता, कारण कोणी मरायचे हे सरकार ठरवू लागले असा त्याचा अर्थ होत होता. ही हेरयोजना सर्वसामान्यांना कळली ती १९७० च्या दशकात, संबंधितांचे लेखन प्रसिद्ध झाले तेव्हा. नागरिकांनी जेथे कट पाहिला तेथे तो नव्हता, आणि जेथे होता तेथे पाहण्यासारखे काहीच दिसत नव्हते.

मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष वृत्तपत्रीय मथळ्यांइतके एकमुखी नाहीत. परिस्थितीवर आपला ताबा नाही अशी भावना निर्माण केलेल्या लोकांना अर्थहीन ठिपक्यांत आकृत्या आणि साध्या घटनांत कट अधिक दिसतात, असे जेनिफर व्हिट्सन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी २००८ मध्ये मांडले. उलट स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना चिन्हांच्या रांगा दाखवून त्या यादृच्छिक आहेत का असे विचारले, तेव्हा कटसिद्धान्तांवर विश्वास असलेले आणि नसलेले यांच्या उत्तरांत फरक आढळला नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की पुंजक्यांत अर्थ पाहण्याची खोड आपल्या सर्वांनाच आहे. पुढे त्या अर्थाचा कट होतो की नाही, हे आपला कोणावर अविश्वास आहे यावर ठरते. १९७९ मधील एक प्रयोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडली गेल्याची काल्पनिक हकिकत लोकांना दिली असता, अध्यक्ष दगावल्याचे वाचणाऱ्यांना त्यामागे कट असावा असे अधिक वाटले आणि तो वाचल्याचे वाचणाऱ्यांना कमी वाटले. परिणाम मोठा तर कारणही मोठेच हवे, असा मनाचा हट्ट असतो. भाभांसारखा माणूस एका वाक्याच्या गैरसमजामुळे जावा हे म्हणूनच आपल्याला सोसत नाही.

प्रश्न: बल्गेरियाच्या सरकारी लॉटरीत लागोपाठच्या दोन सोडतींत तेच सहा आकडे निघाले आणि तरीही गैरप्रकार नव्हता, असे वाचले. मग आकडेवारीवरून चोरी कधी पकडताच येत नाही का? (बँक कर्मचारी, पणजी)

उत्तर: येते, पण त्यासाठी प्रश्न आधी ठरवावा लागतो.

आपण म्हणता ती घटना सप्टेंबर २००९ ची आहे. ६ तारखेला ४, १५, २३, २४, ३५ आणि ४२ हे आकडे निघाले आणि १० तारखेला पुन्हा तेच, फक्त निराळ्या क्रमाने. सरकारने चौकशी केली आणि फेरफार आढळला नाही. दुसऱ्या सोडतीत तब्बल १८ जणांचे सहाही आकडे जुळले, हे अनेकांना विशेष संशयास्पद वाटले. परंतु मागच्या सोडतीचे आकडे लावून पाहणारे खेळाडू प्रत्येक लॉटरीत असतात. जगभर शेकडो लॉटऱ्या दशकानुदशके आठवड्यातून एकदोनदा काढल्या जात असताना कोठे तरी, केव्हा तरी असे होणे अटळ आहे, आणि ते जेथे होईल तेथील लोकांना ते अशक्य वाटणार.

याउलट कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचे उदाहरण पाहा. तेथे लॉटरीची तिकिटे विकणारे दुकानदारच मोठी बक्षिसे फार वेळा जिंकतात अशी तक्रार होती. टोरांटो विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेन्थाल यांनी २००६ मध्ये हिशेब केला. विक्रेते जितकी तिकिटे घेतात त्या प्रमाणात सुमारे सात वर्षांत त्यांना ५७ च्या आसपास मोठी बक्षिसे मिळायला हवी होती. मिळाली होती सुमारे २००. येथे संशय कोणावर आणि कशाचा हे मोजणीपूर्वीच ठरलेले होते, सर्व बक्षिसे मोजली गेली होती, आणि विक्रेते गिऱ्हाइकाचे विजयी तिकीट स्वतःकडे ठेवून त्याला ते वाया गेल्याचे सांगू शकतात, ही चोरीची वाटही समोर दिसत होती. पुढे लोकपालांनी चौकशी केली आणि काही जणांवर गुन्हे शाबीत झाले.

हा क्रम उलटा झाला की काय होते, ते नेदरलँड्समधील लुसिया द बेर्क या परिचारिकेला भोगावे लागले. तिच्या पाळीत रुग्ण दगावण्याचे प्रसंग जास्त आहेत असा संशय एका मृत्यूनंतर निर्माण झाला, आणि मग मागील प्रसंग पुन्हा तपासताना ती हजर असलेले प्रसंग संशयास्पद ठरवले गेले. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा न्यायालयापुढे आला आणि २००३ मध्ये तिला जन्मठेप झाली. इतर संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड तपासली तेव्हा त्यांच्या काही गणितांत ही शक्यता पंचवीस-तीसात एक इतकीच उरली. २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. त्या मृत्यूंमध्ये खून झाल्याचाच पुरावा नव्हता. जो आकडा ऐकून न्यायाधीशांचे मन वळले, तो आकडा कसा गोळा केला गेला हे विचारणाऱ्यांना सात वर्षे झगडावे लागले. आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असे म्हणून कावळ्याला सोडून देतात. लुसियाच्या बाबतीत कावळा बसला नव्हता अशा सगळ्या फांद्या मोजणीतून गळल्या होत्या.

खऱ्या कटांबाबत एक निरीक्षण येथे जोडतो. एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सामनानिश्चितीचे प्रकरण बाहेर काढले, ते एखादा धावफलक विचित्र वाटला म्हणून नव्हते. ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणे त्यांच्या हाती लागली होती. कटात माणसे असतात, माणसे बोलतात, पैसे हलतात आणि त्यांच्या नोंदी राहतात. विचित्र आकडा पाहून चौकशी सुरू करायला हरकत नाही, मात्र तीत पुढे अशा नोंदी सापडायला हव्यात.

प्रश्न: माझे सासरे लिंकन आणि केनेडी यांच्यातील साम्यांचा संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर वरचेवर पाठवतात आणि ‘हे कोणी तरी घडवून आणलेले आहे’ असे ठामपणे सांगतात. त्यांचा अवमान न करता काय उत्तर द्यावे? (गृहिणी, पिंपरी)

उत्तर: त्या यादीतील काही साम्ये खरी आहेत, हे आधी मान्य करून टाका. लिंकन संसदेवर १८४६ मध्ये निवडून आले आणि केनेडी १९४६ मध्ये. अध्यक्ष म्हणून अनुक्रमे १८६० आणि १९६० मध्ये निवडले गेले. दोघांनाही शुक्रवारी गोळी लागली. दोघांच्याही जागी आलेले उपाध्यक्ष जॉन्सन आडनावाचे, एकाचा जन्म १८०८ चा तर दुसऱ्याचा १९०८ चा. मात्र अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक दर चार वर्षांनी आणि संसदेची दर दोन वर्षांनी होते, त्यामुळे दोन निवडणुकांत नेमके शंभर वर्षांचे अंतर पडणे वाटते तितके दुर्मीळ नाही. लिंकनच्या मारेकऱ्याचे जन्मवर्ष संदेशात १८३९ दिलेले असते, ते प्रत्यक्षात १८३८ आहे. एक वर्ष सरकवले की केनेडींच्या मारेकऱ्याच्या १९३९ शी ते जुळते. लिंकनच्या केनेडी नावाच्या सचिवाचा पुरावा नाही. त्यांचे सचिव होते जॉन निकोले आणि जॉन हे (‘हे’ हे त्याचे आडनाव).

पण चुका काढून दाखवल्याने सासऱ्यांचे मन वळेल असे मला वाटत नाही, आणि सुनेने त्या गटावर सर्वांदेखत काढणे तर त्यांना रुचणारच नाही. त्यापेक्षा त्यांनाच कामाला लावा. अमेरिकेतील एका चिकित्सक नियतकालिकाने १९९२ मध्ये याच धर्तीची साम्ये शोधण्याची स्पर्धा ठेवली होती. तीत मेक्सिकोतील एका स्पर्धकाने केनेडी आणि मेक्सिकोचे अध्यक्ष आल्वारो ओब्रेगॉन यांच्यात १६ साम्ये काढून दाखवली, तर दुसऱ्या एकाने अमेरिकी अध्यक्षांच्या २१ जोड्यांच्या याद्या सादर केल्या. सासऱ्यांना राजकारणाची आवड दिसते, तेव्हा त्यांना यशवंतराव चव्हाण आणि वसंतराव नाईक ही जोडी द्या आणि नातवंडांना मदतीला बसवा. सुरुवात मी करून देतो: दोघांचाही जन्म १९१३ चा, दोघांनीही वकिलीचे शिक्षण घेतलेले, दोघेही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले आणि दोघांच्याही नावाचा शेवट ‘तराव’ असा. तासाभरात यादी दहाच्या पुढे गेली, तर ती या सदराकडे जरूर पाठवावी.